आक्काच्या ताटामागचा शिक्का

चांगलं करायला गेलं तरी चोर मीच ठरते. सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

लेकीच्या साखरपुड्याला शेजारच्या आक्काकडून तिचं निळ्या फुलांचं चिनी मातीचं मोठं ताट आणलं होतं. तिच्या सासऱ्यांनी इंग्रज साहेबाच्या लिलावातून घेतलेलं. मागे शिक्का आहे, मुकुट अन् त्याखाली इंग्रजी अक्षरं. कार्यक्रमात भांडी बदलतात म्हणून आम्ही सगळ्या भांड्यांना मागून लाल ऑइल पेंटचा ठिपका देतो. मी याही ताटाला दिला, तो नेमका शिक्क्यावर बसला.

आज आक्का ताट न्यायला आली. तिने ते उलटं केलं अन् म्हणाली, "हाई ताट मनं नई शे. मुकुट कोठे गया?" म्हणजे हे तिचं ताटच नाही, मी बदललं.

मी म्हटलं, "आक्का, रंगाखाली आहे."

"मंग दाखाड," म्हणाली, अन् ताट माझ्याच ओट्यावर ठेवून गेली. तीस वर्षांचा शेजार आहे आमचा.

थिनर घेऊन बसले, पण आधी जुन्या वस्तू विकणाऱ्या भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "शिक्का चकाकीच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या खाली असेल तर काही होणार नाही. वरून छापलेला असेल तर रंगाबरोबर तोही जाईल." कसा ओळखायचा, ते त्यांनाही माहीत नाही. ठिपक्याच्या कडेला एक अक्षर दिसतं. बोट फिरवलं तर हाताला उंचवटा लागत नाही.

शिक्काच पुसला गेला तर आक्काला काय दाखवू? ज्यांनी अशी ताटं हाताळलीत त्यांनी सरळ सांगा, पुसू की नको. आक्का शुक्रवारी येणार आहे. मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे.