पावलसभाऊनं बिशपला पाजलेलं पाणी

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही... आणि हे मी लिहायची रीत म्हणून लिहीत नाही. माझ्या भावानं, किन्हीराजा गावच्या पावलसनं, एकदा आपण फार आजारी असल्याची बातमी स्वतःच उठवली होती. कोण धावत येतं आणि कोण जेवण आटोपून येतं, हे त्याला पाहायचं होतं. मी कारंज्याहून एसटीनं घामाघूम होऊन पोचले, तर हा पठ्ठ्या बाजेवर बसून शेंगा फोडत होता. "तू आली, बरं झालं. जावयाचा अजून पत्ता नाही," म्हणाला. म्हणून या खेपेला भाचा फोनवर "आत्या, बाबा गेले" म्हणाला, तेव्हा मी त्याला दरडावलंच, "खरं सांग, त्यानंच सांगितलं ना तुले असं बोलायले?" पलीकडे पोरगा हमसून रडायला लागला, तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.

इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. दूधवाल्यासमोर दूध चाखून पाहायचा, कुलूप लावल्यावर लोंबकळून पाहायचा. पण त्याची खरी परीक्षा म्हणजे पाणी. आमची गावात मोजकी ख्रिस्ती घरं. लहानपणी मोठ्या घरची माणसं कामापुरती आमच्या अंगणात यायची, गोड बोलायची आणि आईनं पाणी पुढे केलं की "आत्ताच पेऊन आलो" म्हणून निघायची. आई तांब्या तसाच आत न्यायची, भाऊ बघत राहायचा. पुढे स्वतःचं घर झाल्यावर त्यानं एक पितळी गडवा त्यासाठीच ठेवला. कुणीही येवो, मतं मागणारा असो की आमचे फादर, गडवा भरून द्यायचा आणि तोंडाकडे टक लावून पाहायचा. अलीकडचे फादर बाटली घेऊनच येत. ते गेले की म्हणायचा, "पाह्यलं का, यायलेही तहान लागत नाही आपल्या घरी."

मार्थावहिनी गेली तेव्हा हा संशय कडू झाला. किन्हीराजात आमचं एक लहानसं चर्च आहे. छप्पर गळतं म्हणून त्याला कुलूप लागलं होतं. छप्पर दुरुस्त झालं, कुलूप तसंच राहिलं. का, ते कुणी सांगितलं नाही. एवढ्या थोड्या घरांसाठी कारंज्याहून फादरांची गाडी कोण काढणार, असंच असेल, मला तरी तसंच वाटतं. वहिनीच्या मिस्सेसाठी, चर्चातल्या शेवटच्या प्रार्थनेसाठी, तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कारंज्याला न्यावं लागलं आणि मातीसाठी पुन्हा गावी आणावं लागलं. रस्ताभर भाऊ तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसला होता. आजारपणात तिच्या उशाशी बसलेल्या शेजारणी मागेच राहिल्या, त्यांना ट्रॉलीत जागा नव्हती. भाऊ रडला नाही. एवढंच म्हणाला, "रोझे, माह्या वक्ती हे चालनार नाही. माही मिस्सा माह्या गावात झाली पाह्यजे."

त्यानंतर आमच्या धर्मप्रांताला नवे बिशप नेमले गेले आणि कुजबुज सुरू झाली. माणूस बाहेरचा आहे, त्याला धड मराठी येत नाही, आपल्यातलं कुणी नव्हतं का... रविवारी मिस्सा संपली की कारंज्याच्या चर्चबाहेर घोळके उभे राहायचे आणि कुणी जवळ गेलं की पावसापाण्याचं बोलायला लागायचे. आणि अशात माझा भाऊ, जो दूधवाल्यावर विश्वास ठेवत नव्हता तो, एसटीनं गावोगाव फिरून सांगायला लागला, की बिशपसाहेबांच्या पाठीशी उभे राहा! ते पहिल्यांदा आपल्या भागात येतील तेव्हा किन्हीराजाच्या रस्त्यावर स्वागताला चला! ख्रिस्ती घरं संपली तेव्हा त्यानं शेजारचे हिंदू शेतकरीही गोळा केले. माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्याला कुणीतरी काहीतरी कबूल केलंय, कमिटीवर घेतो म्हणून सांगितलंय. मी तोंडावर विचारलं. भडकला. "तुले काय वाटते, मी इकलो गेलो?" "मंग काहून हिंडून राह्यला उन्हातान्हाचा?" "पाहशीन," म्हणाला आणि पुढचं काही सांगेना.

तो दिवस आला. रस्त्याच्या कडेला ही गर्दी, हातात झेंडूचे हार. बिशपांना आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. एक पांढरी गाडी आली, आत पांढऱ्या कपड्यातला भारदस्त माणूस. झालं! लोकांनी गाडी अडवली, हारांनी माणूस झाकून टाकला, जयजयकार केला. तोही खुशीत हात जोडत खाली उतरला. सगळ्यात मागून भाऊ गडवा घेऊन पुढे झाला. त्या माणसानं हसून आपली बाटली दाखवली. भाऊनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि ओरडला, "अरे, गळ्यात क्रूस कुठं हाय याच्या? कोनाले हार घालून राह्यले बे तुमी?" ते पोहरादेवीच्या दर्शनाला निघालेले कुणी पुढारी होते! हार परत कसे मागणार? ते हार घेऊन गेले, आम्ही हात हलवत राहिलो.

खरे बिशप आले तेव्हा आमच्याकडे एक पाकळी उरली नव्हती. साध्या गाडीतून एक सडपातळ, थकलेला माणूस उतरला. भाऊनं गडवा पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. मग भाऊनं घसा खाकरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, मी मेल्यावर माही मिस्सा माह्या गावच्या चर्चात होईन का?" बिशपांनी शेजारच्या फादरांकडून प्रश्न समजून घेतला आणि अडखळत मराठीत म्हणाले, "होईल. मी स्वतः येईन." भाऊ त्यांच्याकडे नव्हे, गर्दीकडे वळला. "ऐकलं ना सगळ्यायनं?"

घरी आल्यावर मी म्हटलं, "म्हंजे तुहा भरवसा हाय त्या मानसावर." भाऊ गडवा घासत होता. "भरवसा असता, त येवढी मानसं कायले जमवली असती वं?"

...आणि तो गेला तेव्हा त्याला धास्ती होती तसंच झालं. भाच्यानं बिशपांच्या कार्यालयात फोन केला. उत्तर आलं, साहेब दौऱ्यावर आहेत, तुम्ही कारंज्याला घेऊन या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, घ्या, पाणीही पेलं आणि विसरलेही! पण शेजारचा गजानन, भाऊच्या शेताच्या धुऱ्याला, बांधाला लागून शेती करणारा, अंगणातून उठला. "कायचं कारंजा? माह्यासमोर बोलले ते. द्या तो नंबर." त्यानं फोन लावला. मग त्याच्या बायकोनं लावला. मग त्या दिवशी रस्त्यावर उभे असलेले एकेक जण लावत गेले, आपापल्या गावातून, आपापल्या बोलीत. सगळ्यांचं एकच, आम्ही ऐकलं होतं. संध्याकाळी तिकडून निरोप आला, साहेब सकाळी पोचतात.

ते आले. कुलूप निघालं. ज्या शेजारणी वहिनीच्या वेळी मागे राहिल्या होत्या, त्या या वेळी चर्चात पहिल्या रांगेत बसल्या. मिस्सेआधी बिशप अंगणात उभे राहिले आणि त्यांनी पाणी मागितलं. मी त्याच गडव्यात दिलं आणि उरवतात का ते पाहत राहिले. नाही उरवलं. भाऊची फार आठवण आली मला तेव्हा. हे पाहायला तो हवा होता, मेला कुठला!

बिशप मायेनं आले की त्या फोनांच्या धाकानं, ते मला आजही ठाऊक नाही. गडवा मात्र मी कारंज्याला घेऊन आले. परवा आमचे फादर घरी आले आणि म्हणाले, किन्हीराजाच्या चर्चचं कुलूप यापुढे कायमचं काढायचं म्हणतोय. मी म्हटलं, बसा फादर, पाणी आणते. पण गडवा भरायच्या आधी मी मागच्या दारानं गेले आणि आळीतल्या सगळ्यांना बोलावून आणलं.