मागे पाहा

चिठ्ठीच्या कोपऱ्यात दोन शब्द असायचे: 'मागे पाहा'.

मी कवळ्या करतो. पनवेलात बाजाराच्या मागच्या गल्लीत माझी दोन खोल्यांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, सोबत चिठ्ठी. तिच्यावर नाव आणि दाताच्या रंगाचा नंबर. बाकीचे डॉक्टर एवढ्यावर थांबतात. करंजाड्याच्या मॅडम मात्र मला चिठ्ठी उलटायला लावायच्या.

मागे काय असायचं? 'आजोबा भजनी मंडळात आहेत, स म्हणताना शिट्टी वाजायला नको.' 'या बाई शाळेत शिकवतात. फार पांढरे नकोत, पोरं हसतील.' एकदा तर नुसतंच, 'काका, हे गृहस्थ हसत नाहीत. जरा बघा.' आता त्यात मी काय बघणार? फोन करून म्हणालो, "मॅडम, मी दात करतो, पत्रिका नाही बघत."

"दात कोणीही करेल काका. तुम्ही तोंड करा."

मी चिडायचो. पण खरं सांगतो, त्यांचं काम मी सकाळी पहिलं घ्यायचो, हात ताजे असताना.

हे कधी थांबलं ते कळलं नाही. तुम्हीच आठवून पाहा, जवळचं माणूस नेमकं कुठल्या दिवसापासून गप्प झालं ते सांगता येतं का? मागची बाजू आधी एका ओळीवर आली, मग कोरी झाली, मग कोपऱ्यातले दोन शब्दही गेले. मॅडम सकाळी स्वतःचा दवाखाना बघायच्या, संध्याकाळी दुसऱ्याचा, रविवारी तपासणी शिबिरं. मानेला पट्टा लावून उभ्या असायच्या. आणि मला बरंच वाटत होतं; काम भराभर उरकत होतं.

मग गव्हाणच्या आजींची कवळी आली. चिठ्ठीवर नुसता नंबर. मी मोत्यांसारखे सरळ दात बसवून दिले. दुसऱ्या कामासाठी दवाखान्यात गेलो, तेव्हा आजी खुर्चीत आरसा घेऊन बसल्या होत्या.

"ही मी नाय," त्या म्हणाल्या. "माज्या म्होरच्या दातात फट व्हती. तुमाला सांगितलं व्हतं ना, बाई?"

"सवय होईल, आजी," मॅडम म्हणाल्या. आरशाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

आजी कवळी काढून, टेबलावर ठेवून गेल्या. मॅडम स्टुलावर बसल्या. टेबलावरची कवळी उचलून म्हणाल्या, "सांगितलं होतं हो तिने. मी ऐकलंच नाही. काका, मला हल्ली सगळी तोंडं सारखीच दिसतात."

मी काय म्हणालो असेन? "चार दिवस सुट्टी घ्या, कर्नाळ्याला पक्षी बघून या." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी काडीसुद्धा दिली नाही.

आठवड्याने तीच कवळी माझ्याकडे आली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'मागे पाहा'. मागे होतं, 'फट ठेवा. आजींच्या मालकांना ती आवडायची. चूक माझी.' मला इतका आनंद झाला की चिठ्ठी मी भिंतीला लावली. मॅडम परत कामात आल्या, असं धरून चाललो. फोन करावा असंही वाटलं नाही.

ठरल्या दिवशी कवळी घेऊन मी स्वतः गेलो. शटर खाली होतं. पायरीवर आजी बसल्या होत्या, शेजारी सून. शटरवर कागद चिकटवलेला, अक्षर मॅडमचं: 'दवाखाना कायमचा बंद.' मी कागदाचं खालचं टोक उचलून मागे पाहिलं. काही नव्हतं.

नंतर कळलं, त्या बहिणीकडे नाशिकला गेल्या, पुन्हा हातात अवजार धरलं नाही. तेव्हा यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

आजींना वाचता येत नव्हतं. सुनेने तो कागद वाचला असणार. ती खाली बघत होती. आजींनी कवळी तोंडात घातली, माझ्या स्कूटरच्या आरशात वाकून पाहिलं आणि हसल्या. मधे फट होती.

"आता मी हाय," म्हणाल्या. मग परत पायरीवर बसल्या. "बाईंना दावल्याबिगर जायाची नाय. थांबते मी."

मला सांगवेना. मीही बसलो.