साबणवाला की ट्रकवाला?

सलूनवाल्याला सगळे रेडिओ म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं त्याच्या बायकोने, लग्नानंतर महिन्याभरातच, आणि ते इतकं चपखल बसलं की त्याचं खरं नाव विचारलं तर अख्खी गल्ली डोकं खाजवत बसली असती. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की याचं तोंड सुरू व्हायचं, ते शटर खाली येईपर्यंत. आणि विषय एकच. तो. म्हणजे मारामारीच्या सिनेमांचा तो प्रसिद्ध हिरो. देवाचं नाव उगाच घेऊ नये, तसं रेडिओ त्याला नुसतं 'तो' म्हणायचा, आणि गिऱ्हाइकांनाही बरोबर कळायचं.

त्याच्या सिनेमांचीही खरी नावं या दुकानात चालत नसत. ज्यात जी मारामारी गाजली, ते त्या सिनेमाचं नाव. विहिरीत उतरून मारतो तो विहीरवाला, हातात बेड्या असताना मारतो तो बेडीवाला, वाढपी बनून ताटांनी हाणतो तो ताटवाला. आणि या सगळ्यांचा बाप, रेडिओच्या मते, साबणवाला. त्यात हिरो दाढीला बसलेला असतो, गुंड सलूनमध्ये घुसतात, आणि हा गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालावर फेस अशा अवतारात सगळी टोळी लोळवतो. मग शांतपणे परत खुर्चीत बसून म्हणतो, "हं, उरलेली करा." हा सिनेमा रेडिओने किती वेळा बघितला होता ते विचारू नका. त्याच्या बायकोसमोर तर मुळीच नको.

त्याला पुरून उरणारा एकच माणूस होता. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारा ड्रायव्हर. उभा जन्म बस चालवून निवृत्त झालेला, पण हात अजून स्टिअरिंगवर असल्यासारखा ऐटीत चालणारा. त्याचा लाडका सिनेमा ट्रकवाला, ज्यात हिरो भरलेला ट्रक डोंगराच्या वळणांवरून थेट पायथ्यापर्यंत रिव्हर्समध्ये उतरवतो.

"तुझ्या साबणवाल्यात काय आहे रे?" ड्रायव्हर म्हणायचा. "एवढी मोठी मारामारी होते, खिडक्या फुटतात, आणि गालावरचा फेस तसाच ताजा? साबण वाळतो बाबा! तू रोज लावतोस ना?"

"आणि तुझ्या ट्रकचे दोन्ही आरसे आधीच्या मारामारीत फुटले होते, ते?" रेडिओ उसळायचा. "मागचं बघितलं कशात? कपाळात?"

"त्याला आरसा लागत नाही. तो मान बाहेर काढतो."

"एका बाजूने! दुसरी बाजू कोण बघतो, तुझी सासू?"

या भांडणाचा एक कायदा होता. गळ्यावर वस्तरा असताना माणूस बोलणार कसा? त्यामुळे ड्रायव्हरला बोलायचं असलं की तो अंगावरच्या कापडाखालून एक बोट वर काढायचा. बोट दिसलं की रेडिओने वस्तरा उचलायचाच, आणि ड्रायव्हरचं होईपर्यंत गप्प उभं राहायचं. दिवसभरात रेडिओ गप्प बसायचा तो एवढाच. एक दाढी संपायला सकाळ जायची. बाकावरची गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण उठून कुणी जायचं नाही.

मग थंडीच्या दिवसांत ड्रायव्हरला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "शब्द येतील, पण आधी त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. तुम्ही बोलत राहा."

बोलत राहणं हे काय रेडिओला शिकवायला हवं? दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो पेटी घेऊन त्यांच्या घरी जायला लागला. ड्रायव्हरला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचा, मानेमागे उशी लावायचा, फेस करायचा आणि सुरू व्हायचा. साबणवाल्याची नव्याने तारीफ, ट्रकवाल्याची नव्याने बदनामी. दर थोड्या वेळाने सवयीने वस्तरा उचलून थांबायचा. ड्रायव्हरचा डावा हात कापडाखाली शाबूत होता, पण बोट काही वर येत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत राहायचा. रेडिओ घरी परतला की बायकोशी एक शब्द बोलायचा नाही, आणि त्या बिचारीला स्वतः दिलेल्या नावाचं वाईट वाटायचं.

एका सुट्टीला वहिनींनी, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोने, त्याला दारातच गाठलं.

"भाऊजी, काल यांनी जेवण ढकलून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता कधी बोलणारच नाहीत का हो?"

रेडिओ यावर काय सांगणार? 'नाही बोलणार' म्हणायची छाती नाही आणि 'बोलेल' म्हणायचा भरवसा नाही. तो आत गेला, साबण लावला, एक गाल साफ केला, आणि त्याच्या मनात आलं की आपल्याकडे या माणसाला देण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे. आपल्याला तीच जड जात होती, पण आता हट्ट कशाला?

"ड्रायव्हर," तो म्हणाला, "मी विचार केला. तुझंच खरं आहे. ट्रकवालाच सगळ्यांत भारी. साबणवाला आपला असाच. ट्रकवाल्यात नाव ठेवायला जागा नाही. एकसुद्धा चूक नाही त्यात."

ड्रायव्हरने खिडकीवरून नजर काढली आणि रेडिओकडे बघितलं. भुवया जवळ आल्या. नाकपुड्या फुगल्या. चुकीच्या बाजूने पुढे घुसणाऱ्या गाडीकडे तो असाच बघायचा. कापड हललं, आणि खालून एक बोट वर आलं.

रेडिओने वस्तरा उचलला.

"आ..." ड्रायव्हरने ओठ चावले, पुन्हा जोर लावला. "आ...र...सा."

रेडिओला आधी कळेचना. मग कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. आरसे फुटले होते! एवढी वर्षं जो मुद्दा ड्रायव्हरने उडवून लावला, तोच आता त्याने स्वतःच्या लाडक्या सिनेमावर उलटवला होता. दया म्हणून मिळालेला विजय या गृहस्थाला नको होता.

"वहिनी!" रेडिओ ओरडला. "बोलला! आरसा म्हणाला!"

वहिनी ओल्या हातांनी धावत आल्या, तशाच उलट्या पळाल्या आणि कपाटातला हातआरसा घेऊन आल्या. "आरसा हवाय ना? हा घ्या, हा घ्या!" हसत-रडत त्यांनी तो नवऱ्यासमोर धरला. त्यांना खरं काय ते सांगायचं कुणाला सुचलं नाही.

ड्रायव्हरने आरशात बघितलं. गळ्यात टॉवेल, एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस. तो बराच वेळ बघत राहिला आणि तोंडाच्या एका बाजूने हसायला लागला. मग डाव्या हाताचं बोट त्याने फेसावर टेकवलं. या सगळ्या गडबडीत साबणाची पार पापडी झाली होती. ते कोरडं बोट त्याने रेडिओच्या नाकासमोर नाचवलं.

"वा...ळ...ला."

रेडिओने बाहीने डोळे पुसले. एकाच बैठकीत दोन्ही सिनेमे चीतपट झाले होते आणि आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. वाटलं, या माणसाला घट्ट मिठी मारावी. पण मिठी मारली असती, तर भांडण तिथंच मिटलं असतं.

"हे धरायचं नाही," तो घसा खाकरून म्हणाला. "इथं खिडकी उघडी आहे, वारा लागला म्हणून वाळला. त्या सलूनमध्ये कुठं वारा होता?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो भाऊजी, आत्ता तर बोलायला लागलेत, लगेच भांडताय काय?"

कापडाखालून बोट पुन्हा वर आलं. रेडिओने वस्तरा बाजूला धरला आणि गप्प उभा राहिला. वेळ कितीही लागू दे, पाळी ड्रायव्हरची होती.