कपातीचा तास

शैला गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि वर मजकूर होता, "बीबीए विभागाच्या ज्येष्ठ प्राध्यापिका शैला मॅडम यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन." वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, शैलाने यातलं 'अल्पशा' खोडलं असतं आणि मग 'दुःखद'ही खोडलं असतं... आजार अल्पसा मुळीच नव्हता. तिला तो ठाऊक होता तेवढा काळ अल्पसा होता. मला त्याबद्दलच लिहायचं आहे. महिना उलटून गेला तरी नीट सुरुवात सापडत नाही, म्हणून ही अशीच केली.

पौड रस्त्यावर भुकूमच्या अलीकडे आमचं कॉलेज आहे. तिथे मी ग्रंथपाल आणि ती पहिल्या वर्षाला अकाउंटिंग, तिसऱ्या वर्षाला मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवायची. मोकळ्या तासाला ती ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसे. आमची मैत्री म्हणजे बहुतेक वेळ दोघींनी न बोलता बसणं. बोलली की ती लागेल असंच बोले. "तुझ्याकडे मुलं वाचायला येत नाहीत, पंख्याखाली यायला येतात," हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ते खरं होतं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

आमच्याकडची निम्मी मुलं आसपासच्या गावांतली. घरची जमीन सोसायट्यांना गेलेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या, दारात गाडी. मुलाच्या लग्नाच्या बायोडेटावर पदवी हवी म्हणून वडील आणून सोडत. ताळेबंद कशाशी खातात हे त्यांतल्या पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नसे. मारुंजीच्या ओंकारने एकदा 'आमचा कौटुंबिक व्यवसाय' या विषयावर छान रंगीत सादरीकरण केलं, खोल्यांचे फोटो, भाड्याचे आलेख वगैरे. शैला शेवटपर्यंत शांत राहिली आणि म्हणाली, "यात व्यवसाय कुठाय रे? आजोबांची जमीन आहे आणि वडिलांची झोप आहे." वर्ग हसला. ओंकारही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते असं तिनेच मला नंतर सांगितलं, जरा समाधानानेच. ती दुष्ट नव्हती असं मी इथे लिहिणार नाही. तिला कुणाची तरी कातडी सोलण्यात रस होता, आणि ती आपलीही सोलून घ्यायला तयार असे, एवढंच.

तिसऱ्या वर्षाला ती एक तास घ्यायची. अभ्यासक्रमात तो नव्हता. मुलांनी त्याला 'कपातीचा तास' असं नाव ठेवलं होतं. आठआठ जणांचे गट पाडायचे. प्रत्येक गट म्हणजे तोट्यातली एक कंपनी. गटाने आपल्यातल्या एकाला काढून टाकायचं आणि एकाने उठून ते त्याला सांगायचं, तोंडावर, तीन वाक्यांत. काय ठरलं, का ठरलं, कधीपासून. 'सॉरी' म्हणायचं नाही. 'तू खूप चांगला आहेस, पण' म्हणायचं नाही. ज्याला काढलं त्याला एक प्रश्न विचारायची मुभा, आणि त्याचं खरं उत्तर मिळालंच पाहिजे. खेळच तो, पण मुली बाथरूममध्ये जाऊन रडत, जुन्या मैत्र्या तुटत. प्राचार्यांनी तिला एकदा बोलावून घेतलं.

"मॅडम, पालकांच्या तक्रारी येतायत."

"येऊ देत. उद्या कंपनीतून काढताना पालकांना बोलावणार आहेत का?"

ओंकारला त्या तासाला त्याच्या गटाने एकमताने काढलं होतं. पुढे तो हिंजवडीत नोकरीला लागला आणि दोनेक वर्षांनी एके दुपारी ग्रंथालयात तिला शोधत आला. दाढी वाढलेली. "मॅडम, काढलं मला," म्हणाला. "तुमचा तास काय बी कामाला आला न्हाई. लई रडलो."

"मी रडू नकोस कधी म्हटलं? समोरच्याने सरळ सांगावं, एवढंच म्हणत होते."

"समोर कोन व्हतं? मेल आला. दुपारपर्यंत लॅपटॉप बंद."

शैला लगेच उठली. तिने त्याला कॅन्टीनमध्ये नेलं, आणि परत येऊन खिडकीजवळ बसली. मग म्हणाली, "सांगायलासुद्धा माणूस मिळू नये... ही खरी नामुष्की."

दिवाळीच्या आधी तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि तिचा मोठा भाऊ तिला मुठा गावी आपल्या घरी घेऊन गेला. ती दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणते. तिने लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी दहावीतून शाळा सोडून शेत धरलं होतं, म्हणून ही पुण्यात राहून एम.कॉम. झाली, हे ती आढेवेढे न घेता सांगे. आमचं फोनवर बोलणं व्हायचं. पित्ताशयाला सूज आहे, वेळ लागेल म्हणतात, जूनला येतेय, असं ती सांगायची. माझ्याकडून पुस्तकं मागवायची, पुढच्या वर्षीच्या तासांची आखणी करायची. मध्येच एकदा म्हणाली, भुकूमचा भाड्याचा फ्लॅट दादाने सोडून दिला, उगाच भाडं कशाला भरायचं, बरी झाले की दुसरा बघू म्हणतो. मला ते खटकलं नाही. तिलाही खटकलं नाही, याचं मात्र आज नवल वाटतं.

होळीच्या सुमारास मी मुठ्याला गेले. शनिवार होता. शेजारच्या फार्महाऊसवर पुण्याची मंडळी आलेली, त्यांचा स्पीकर रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. दादांनी मला अंगणातच थांबवलं.

"मॅडम, तिला पित्ताचं सांगितलंय आमी. तुमी बी तेच बोला."

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला, दिवाळीतच कळलेला. डॉक्टरांनी हात टेकलेले. "लई हिमतीची हाय, पर हे न्हाई झेपायचं तिला. हसत जाऊ द्या." बोलताना ते हातातल्या वाटीतला भात बोटांनी मऊ करत होते. तिच्यासाठीच.

आत गेले तेव्हा खाटेवर शैला कुठे आहे हे क्षणभर शोधावं लागलं, इतकी ती कमी झाली होती. उशाशी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक होतं. मी बसले. स्पीकरवर कुणीतरी कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होतं.

"अंगणात दादा काय म्हणत होता?"

मी पिशवीतून तिची पुस्तकं काढायला लागले.

"तुला खोटं येत नाही. आधी मान खाली जाते तुझी." मग डोळे मिटून म्हणाली, "तीन वाक्यं. कशी ते माहीत आहे ना?"

मला माहीत होती. मी म्हटलं, "शैला, तुला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. तो यकृतात पसरला आहे, म्हणून उपचार थांबवले आहेत. आता थोडेच आठवडे आहेत."

तिने डोळे उघडले. "तिसरं वाक्य ठीक," म्हणाली. "आवाज हलला, पण ठीक." मग तिने तिचा एक प्रश्न विचारला. "या सगळ्यांना कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"म्हणजे सगळी मीटिंग माझ्या खाटेभोवती भरली होती, आणि मला चहा प्यायला बाहेर पाठवलं होतं." तिने वेळापत्रक उचललं आणि माझ्याकडे दिलं. "हे ने. जूनला जाशील की कॉलेजात, असं हा रोज म्हणायचा मला... रोज. आणि तिकडे घर रिकामं करून आला."

तेवढ्यात दादा भाताची वाटी घेऊन आत आले. त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "शैले," एवढंच म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ती भावाशी बोलली नाही. मी आणखी दोनदा गेले. वहिनींशी ती बोलायची, माझ्याशी बोलायची, मुलांचे निकाल विचारायची, फार्महाऊसवाल्यांना शिव्या घालायची. दादा पाय चेपायला बसले की पाय आखडून घ्यायची. "आता पुरे की," मी म्हणून पाहिलं. "काय पुरे? माझे चार महिने त्याने खाल्ले," ती म्हणाली. मला वाटायचं, शेवटी तरी निवळेल. निवळली नाही. शेवटचं पाणीही तिने वहिनींच्या हातून घेतलं. दहाव्याला वहिनी सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुमी तोंड उघडलं न् माझ्या नवऱ्याचं माणूस जित्तेपणीच गेलं." मी ते ऐकून घेतलं. तिला सांगितलं ते योग्यच होतं असं मला आजही वाटतं, आणि वहिनींचं म्हणणंही खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. नुसत्या शेजारी बसून राहतात.

गेल्या आठवड्यात दादा कॉलेजात आले. तिची छत्री, डबा, चष्म्याचं घर आणि थंडीच्या दिवसांत पांघरायची शाल माझ्याकडे होती, ती न्यायला. मी खिडकीजवळच्या टेबलावर सगळं काढून ठेवलं.

"हितंच बसायची व्हय?"

"हो. याच खुर्चीत."

ते बसले. टेबलावर तळहात पसरून, जरा पुढे वाकून, तिच्यासारखेच. पलीकडे दोन मुलं अकाउंटिंगची गणितं सोडवत होती. दादांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, शेवटाला तुमच्यापाशी माझं काय बोलली का वं ती?"

काय हवं होतं ते मला कळत होतं. एक वाक्य. ते रचायला मला क्षणही लागला नसता, आणि खोटं ठरवायला कुणी उरलेलंही नव्हतं... पण त्या खुर्चीसमोर ते येईना.

"नाही दादा. शेवटी तुमच्याबद्दल ती काही बोलली नाही."

त्यांनी मान हलवली. छत्री पिशवीत घातली, डबा घातला, चष्म्याचं घर घातलं. उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "खोटं तरी बोलायचं वं, मॅडम."

मग जिना उतरून गेले. शाल खुर्चीच्या पाठीवरच राहिली. विसरले की ठेवून गेले, ते मी अजून विचारलेलं नाही.