अकरा जणांचा वर्ग

ऑगस्टातल्या एका बुधवारी सकाळी दार वाजलं, तेव्हा बर्नाडेट मोलनार तव्यातली अंडी उलटत होती. वळून न बघताच ती नवऱ्याला, रेला, म्हणाली, "रे, कोणी झुकिनी घेऊन आलं असेल तर सांग, आम्ही गावाला गेलोय."

"आणि दार उघडायला कोण आलं म्हणून सांगू?"

टोलिडो शहरातल्या त्या गल्लीत या दिवसांत परसापरसात झुकिनीला, त्या जाड काकडीसारख्या भाजीला, नुसता ऊत येतो. माणसं ती शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवून चोरासारखी पळतात. बर्नाडेटच्या ओट्यावर कालच्या तीन पडल्याच होत्या. पण दारात उभा होता ओडेल, काखेत फाइल आणि कपाळावर घाम. पंधरा वर्षांपूर्वी तो बर्नाडेटच्याच वर्गात निबंध लिहायला शिकला. आता तो त्याच कॉलेजात इतिहास शिकवायचा, तिच्यासारखाच तासिका तत्त्वावर. नाव प्राध्यापक, पण नेमणूक एका सत्रापुरती. तरी तिला तो अजून 'मिसेस मोलनार'च म्हणायचा.

"बस. अंडं किती घेशील?"

"खायला वेळ नाही, मिसेस मोलनार. दहाला बैठक आहे."

"म्हणजे दोन," म्हणून तिने दोन फोडली.

ओडेल टेबलाशी टेकला. तासिकावाल्यांची युनियन हिवाळ्यात उभी राहिली होती, आणि पहिल्या कराराची बोलणी उन्हाळाभर चालली होती. आज बोलायची होती ती बाई ऐन वेळी मागे सरली. तिला दुसऱ्या गावी कायमची नोकरी मिळाली होती; तिला तरी कोण बोल लावणार!

"तुम्ही चला," ओडेल म्हणाला. "बावीस वर्षं झाली तुम्हाला. तुमचं ऐकतील."

"समोर कोण बसणार?"

"कॉलेजच्या वकीलबाई. आणि डीन हॅलोरन."

बर्नाडेटने त्याच्यापुढे ताटली ठेवली. "मग नाही जमायचं, बाबा. माझ्या वर्गात अकराच नावं आहेत. बारा लागतात. शुक्रवारी हॅलोरनच ठरवणार, वर्ग ठेवायचा की मोडायचा. परवा ज्याच्या हातात माझी मान जायची, त्याच्याशी आज भांडू?"

यंदा तिच्या वाट्याला एवढा एकच वर्ग आला होता. तो गेला की सत्र गेलं. आणि जी बाई एक सत्रभर दिसत नाही, तिचं नाव पुढच्या यादीतून आपोआप गळतं, हे तिने इतरांच्या बाबतीत पाहिलेलं होतं. वय एकसष्ट. बावीस वर्षांत चव्वेचाळीस नेमणूकपत्रं, आणि प्रत्येकाच्या तळाशी तेच वाक्य: पुरेशी नावनोंदणी झाल्यास. तिला ना खोली होती ना टेबल. मुलं शंका घेऊन यायची ती पार्किंगमधल्या तिच्या जुन्या बुइक गाडीपाशी, आणि ती बॉनेटवर वही उघडून समजावायची. तरी शिकवणं सोडावं असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

रेने घसा खाकरला. "अकरा नाहीत. बारा आहेत."

"काल रात्री मी पाहिलं. अकराच."

"आज सहाला बारा झाले." तो पावाला लोणी लावण्यात फारच गुंतला होता. "मी नाव घातलं."

"कुठे?"

"तुझ्या वर्गात. साठीच्या पुढच्यांना फी नाही म्हणे. फॉर्म भरला, झालं!"

बर्नाडेट उलथनं हातात घेऊन तशीच उभी राहिली. चौतीस वर्षं काचेच्या भट्टीवर काढलेला हा माणूस वाढदिवसाच्या कार्डावरही नुसतं 'रे' लिहायचा. "तू निबंध लिहिणार?"

"नापास कर की. घरी येऊन रडणार नाही मी."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. ओडेल मात्र हसला नाही. त्याने काटा खाली ठेवला.

"मिस्टर मोलनार," तो हळूच म्हणाला, "फुकट बसणारे धरत नाहीत. बसू देतात, पण बारात मोजत नाहीत. आमच्याकडे एकीने आईचं नाव असंच घातलं होतं. आई आली, वर्ग मात्र मोडला."

रेच्या हातातला पाव तसाच राहिला. "म्हणजे मी असून नसल्यासारखा?"

"आता तुला कळेल, आम्ही तिथे कसे असतो ते," बर्नाडेट म्हणाली. पण तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो काढला नाही.

रे उसळला. "आमच्या भट्टीवर झाडूवाल्यालासुद्धा पुढच्या आठवड्याची पाळी आधी कळायची. भिंतीवर कागद लागायचा! आणि तुम्ही एवढी शिकलेली माणसं सोमवारच्या वर्गाचं शुक्रवारी ऐकता?"

"शुक्रवारी कळलं तर नशीब," ओडेल म्हणाला.

बर्नाडेटने गॅस बंद केला, हात पुसले आणि खिडकीतला संगणक उघडून यादी पुन्हा पाहिली. रेचं नाव वेगळ्या रकान्यात, फिकट अक्षरांत होतं. वर अकरा. ती नावं तिने एकेक करून वाचली, पुटपुटत, जशी हजेरी घेतात. मग उठून जिन्याखालचे बूट ओढले.

"कुठे?" रे म्हणाला.

"बैठकीला. ओडेल, ते अंडं संपव आधी. उपाशीपोटी माणूस नको तिथे चिडतो."

बैठकीची खोली थंडगार होती. टेबलाच्या पलीकडे डीन हॅलोरन कागद लावत होता. तिला पाहून त्याने मान हलवली, वाईट नव्हता तो माणूस. वकीलबाईंनी चष्मा वर केला. "मिसेस मोलनार, आपल्याला काय मांडायचंय?"

बर्नाडेटने हात मांडीवर ठेवले.

"दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात ट्रीना नावाची बाई होती," ती म्हणाली. "इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. वर्गासाठी तिने पाळी बदलून घेतली, लेकीला बहिणीकडे ठेवायची सोय केली, नवी वही आणली. वर्ग संध्याकाळचा; तो मोडल्याचं मला पहिल्याच दिवशी दुपारी कळलं. मी पोचेपर्यंत ती येऊन दारावरचा कागद वाचून उभी होती. मला म्हणाली, 'मिसेस मोलनार, माझं काही चुकलं का?'"

हॅलोरनचा कागद लावणारा हात थांबला.

"मी तिला समजावलं. दुसऱ्या वर्गांची नावं दिली. पण ते वर्ग दुपारचे, आणि तिची बदललेली पाळीही दुपारची. ती मान डोलावत राहिली. परत आली नाही. तिला वाटलं, कॉलेज आपल्यासारख्यांसाठी नसतंच."

"तेव्हा नऊच होते," हॅलोरन म्हणाला, आवाज दबलेला. "आत्ता तुमचे अकरा आहेत, मला ठाऊक आहे."

"हो. आणि शुक्रवारी तुम्ही ठरवणार, तेही मला ठाऊक आहे. त्याची भीती वाटली म्हणून सकाळी मी येणारच नव्हते."

वकीलबाईंनी पेन उचललं. त्यांच्यापुढच्या कागदावर पगाराचे, रजेचे, विम्याचे रकाने आखलेले होते. शेजारी बसलेल्या ओडेलने आपल्या तशाच कागदावरच्या पगाराच्या ओळीवर बोट ठेवून तो बर्नाडेटकडे सरकवला. तिने तो हलकेच परत सरकवला.

"ते ओडेल नीट सांगेल, मी एकच मागते," बर्नाडेट म्हणाली. "वर्ग मोडायचा असेल तर तो सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी आम्हाला आणि मुलांना कळवा. एवढं करारात लिहा."