एकनाथभाऊंची पाठ आणि माझे चौदा सेकंद

मी जन्माला येताना आधी पाय बाहेर काढले, याचे परिणाम मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी भोगावे लागले.

बाळांनो, अशा माणसाला पायाळू म्हणतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, की पायाळूने तिथे तीन हलक्या लाथा मारायच्या. उसण जाते, असा आपल्या खान्देशी मंडळींचा समज. (माझा नाही. मी इंग्रजीत एम.ए. आहे.) पण तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूने, माझ्या लग्नानंतर आठवडाभरात ही बातमी इथे सुरतेत लिंबायतच्या सगळ्या गल्ल्यांत पोचवली, आणि तेव्हापासून मी लूमवर काम करणाऱ्यांना लाथा मारत आले आहे. वेळ सकाळी आठ ते साडेआठ. रविवारी बंद. दारावर तशी पाटीच आहे!

यंदा माझाच तोल जाऊ लागला. जिन्यावर दोनदा पडता पडता वाचले (एकदा वाचले नाही). बातमी तुमच्या बाबापर्यंत गेली आणि तिकडून फर्मान आलं.

"आई, महिनाभर फिजिओथेरपी कर. मग डाव्या पायावर दहा सेकंद उभी राहून दाखव. जमलं तर राहा तिथे. नाही जमलं तर सामान बांध आणि पुण्याला ताईकडे जा!"

ताईचं, म्हणजे तुमच्या आत्याचं, घर चांगलं आहे. अकरावा मजला, लिफ्ट, एसी. मात्र समोरच्या दारात कोण राहतं, हे तिला सहा वर्षांत कळलेलं नाही. मला ते घर नको होतं.

धारा नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येऊ लागली. ती माझा घोटा दोन्ही हातांत धरून दाबायची, सरकवायची, पायाची बोटं एकेक करून ओढायची. घोटा आखडला की पायाला जमीन नीट कळत नाही आणि तोल जातो, असं तिचं म्हणणं.

"बा, पग ढीलो छोडो ने!"

"ढिलाच आहे."

"आ ढीलो छे? आ तो थांभलो छे!" (थांभलो म्हणजे खांब, आणि बा म्हणजे आजी.)

महिन्याभरात माझा खांब दोन सेकंदांवरून सहावर आला. परीक्षा रविवारी सकाळी नऊला, व्हिडिओ कॉलवर!

रविवारी मी पलंगाला पाठ करून उभी राहिले. धाराने फोन खाली स्टुलावर असा टेकवला, की तुमच्या बाबाला फक्त माझा डावा पाय दिसावा. तेवढ्यात शेजारचे एकनाथभाऊ कमरेत वाकून आत आले. मागून त्यांची बायको कमल.

"बाई, मन्ही पाठ धरायनी व! लाथ मारी द्या!"

"आज रविवार आहे, भाऊ. पाटी वाचा."

"पाटी वाचाले मान वर व्हवाले पाहिजे ना!"

धारा त्यांची पाठ बघायला पुढे झाली. "काका, मने जोवा दो."

"नको, पोरी. तुन्हा हातनं काम नही. माले लाथच पाहिजे."

"मन्हा कडथून बी एक मारा, बाई!" कमल म्हणाली.

लवकर संपवावं म्हणून मी त्यांना समोर पाटावर पाठमोरं बसवलं. लाथ मारताना पायाळूने बोलायचं नसतं, आणि पाठ बरी होईपर्यंत त्या लाथेबद्दल तर नाहीच. मी तोंड मिटलं आणि उजवा पाय उचलला. नेमका तेव्हाच तुमच्या बाबाचा कॉल आला, धाराने तो घेतला, आणि एकटा डावा पाय बघून त्याला वाटलं, परीक्षा सुरू झाली!

"एक... दोन... तीन..."

मला थांब म्हणता येईना! पहिली लाथ. दुसरी. "चार... पाच..." तिसऱ्या लाथेला मी डुलले, आणि पाय एकनाथभाऊंच्या पाठीवर जो टेकला, तो तिथेच राहिला. काय सांगू, कठड्याला टेकल्यासारखं वाटत होतं!

"आठ... नऊ... दहा! अकरा! आई, कमाल आहे!"

"आं हा हा!" एकनाथभाऊ म्हणाले. "दाबा, आजून दाबा!"

"चौदा!" म्हणताच एकनाथभाऊ ताडकन उभे राहिले. माझ्या पायासकट! मी पलंगावर आडवी.

"आई? पाय कुठे गेला?"

"बा आराम करे छे," धारा फोनकडे न बघता म्हणाली.

"चौदा सेकंद! मला नाही जमणार इतका वेळ. राहा तू तिथेच, आता पुण्याचं नाव काढणार नाही. आई, बोल ना काहीतरी!"

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या कितीतरी मुलांना वर्गाबाहेर काढलं. पण पाठ बरी होईपर्यंत पायाळूने बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिले. एकनाथभाऊ सोमवारी कामावर गेले. त्याला आता तीन आठवडे झाले. त्या चौदा सेकंदांबाबत मी अजून प्रथा पाळते आहे.