पुंजाजीचं चंद्रावरचं बिऱ्हाड

शेलूबाजारापासून रिसोडपर्यंत एक बातमी त्या साली चांगली पिकली होती, की पुंजाजीचं दुसरं बिऱ्हाड चंद्रावर आहे. बायको गोरीपान, जमिनीवर सावली न पडणारी. पुनवेला ती वरून डोकावते, पुंजाजी अंगणात खाट टाकून तिच्याकडं बघत पडतो, आणि त्या रागात मनकर्णाबाईच्या हातची भाकर करपते.

आता यातलं खरं तेवढं निवडून घ्यायचं तर भाकर करपते हे खरं. पण ती पुनवेलाच करपते असं नाही, तिला तिथीचं बंधन नाही. पुंजाजी खाट टाकून वर बघतो हेही खरं. बाकी दुसरी बायको वगैरे सगळं बाजारातल्या रिकाम्या लोकांनी चिकटवलेलं. चंद्रावर पाय ठेवला असं तर पुंजाजी स्वतःही कधी म्हणाला नाही. तो म्हणायचा, "हात लांबोला होता, पन पुरला नाई."

एवढं बोलून गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण तो पुढं म्हणायचा, "वर कोनीतरी हाय मातर. म्या आयकलं." त्या 'कोनीतरी'ला गावानं लुगडं नेसवलं, कुंकू लावलं आणि संसाराला बसवलं.

गंमत म्हणून हे छान होतं. पण पुंजाजीची विजयमाला लग्नाला आली आणि गमतीला काटे फुटले. एक स्थळ दारापर्यंत येऊन माघारी गेलं. दुसरं तर दारापर्यंतही आलं नाही. तिसरं आलं ते रिसोडच्या रामरावांचं. मुलगा धडधाकट, घर खाऊन-पिऊन सुखी, आणि मुख्य म्हणजे विजयमालेनं त्याला पोहरादेवीच्या जत्रेत पाहिलेलं होतं आणि तेव्हापासून ती विहिरीवर पाणी आणायला जायची ती घागर भरल्यावरही तिथंच उभी राहायची. हे पुंजाजीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. असं उभं राहणं त्याला माहीत होतं.

पाहुणे यायच्या सकाळी मनकर्णाबाईनं त्याला चुलीपुढं बसवलं.

"आज चंद्राचं नाव काढसान तं याद राखा."

"नाई काढत."

"बसऱ्याच्या लढाईचं बी नाई. फुग्याचं नाई. त्या चष्मेवाल्या सायबाचं तं बिलकूल नाई."

"मंग बोलू काय?"

"जवारीचं बोला. बैलाचं बोला. लोकं बोलतेतच ना, का सारे आभायातून पडले?"

पुंजाजीनं मान हलवली. पोरीसाठी तो जन्मभर ज्वारीवर बोलायला तयार होता.

पाहुणे आले. रामराव थोराड, कमी बोलणारे. त्यांच्यासोबत त्यांची विधवा बहीण चतुराबाई. ती भावाच्या वाट्याचंही बोलणं उरकून घेणारी. बैठकीत सतरंजी, पुढं तबक, तबकात सुपारी. मुलगी पाहून झाली, पसंत पडली. सुपारी फोडली की काम पक्कं. रामरावांनी अडकित्त्याकडं हात नेला आणि चतुराबाईनं भावाचा हात धरला.

"जरा थांब. इवाई, तुमी लढाईवर होते म्हन्तात?"

पुंजाजी म्हणाला, "औंदा जवारी बरी हाय."

"जवारी बरीच हाय. लढाईवर कुठं होते?"

पुंजाजीनं दाराकडं पाहिलं. दारात मनकर्णाबाईचे डोळे होते. "बैल बी बरे हायेत," तो म्हणाला.

चतुराबाईनं पदर सावरून बसणं बदललं. चांगलं सावज दिसलं की बायका अशाच सरसावून बसतात. "हे पाहा, चंद्र-बिंद्र लोकं म्हन्तात, आमी काही येडे नाई. चंद्र म्हंजे बसरा, हे मले समजते. तिकडं कोनी ठेवली असंल तं आत्ताच सांगा. उद्या तिचे पोट्टे येऊन आमच्या दारात बसाले नको."

"ठेवली नाई, बाई."

"मंग वर बी कोनी नाई, खाली बी कोनी नाई. म्हना तसं, की फोडतो सुपारी."

आता इथं कोणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. मनकर्णाबाई दारातून मान हलवून 'नाही' म्हणत होती. पुंजाजीनं तोंड उघडलं. आणि त्याच्या कानात तो आवाज आला, धप्, धप्, लांबून, मऊ. इतक्या वर्षांत तो आवाज त्यानं कोणासाठीच नाकारला नव्हता.

"खाली कोनी नाई," तो म्हणाला. "वर हाय."

मनकर्णाबाईच्या हातून भांडं पडलं. चतुराबाईनं भावाकडं 'बघितलंस?' असं पाहिलं. रामरावांनी अडकित्ता बाजूला सारला.

तेवढ्यात विजयमाला दारातून पुढं आली. पाहायला आलेल्यांपुढं मुलीनं बोलायचं नसतं, पण बोलली. "बा, कोन हाय ते सांगून टाका. अर्धं सांगता म्हनून लोकं बाकीचं भरतेत."

पुंजाजीनं पोरीकडं पाहिलं, मग सांगायला लागला.

जर्मनच्या लढाईत भरतीवाल्यानं त्याला समुद्रापलीकडं बसऱ्याला नेला, सोबत लखमा आणि जगदेव. तिघेही कारंज्याच्या जिनातले, म्हणजे कापसाच्या कारखान्यातले कामगार. तिघांचंही पलटणीत जमेना. पुंजाजीला कवायत यायची नाही. जिनात कापूस तुडवून त्याचे गुडघे छातीपर्यंत उठायचे आणि प्रत्येक पाऊल दोनदा पडायचं, त्याच्या मागची अख्खी रांग चुकायची. लखमा तांड्यावरचा, जन्मभर बैलांशी बोललेला. हुकूम झाला की तो आधी विचार करायचा, आणि पटला तरच पाळायचा. जगदेवची तऱ्हा और होती. कोणी मोठ्यानं ओरडलं की त्याला हसू यायचं. हवालदार जितका चिडे, तितका जगदेव हसे. शेवटी तिघांना असंच कुठूनकुठून काढून टाकलेल्या माणसांत धाडून दिलं.

ती तुकडी होती चष्मेवाल्या साहेबाची. बाकी साहेब लोक त्याच्यासोबत जेवायला बसत नसत, कारण जेवताना तो चंद्राचं बोलायचा. चंद्रावर वारा आहे, वारा आहे म्हणजे आवाज आहे, आवाज आहे म्हणजे कोणीतरी आहे. त्याच्याकडं एक मोठा फुगा होता, रेशमाचा, गॅस भरलेला, खाली वेताचं टोपलं. त्यात बसून वरून दुश्मनाच्या तोफा बघायच्या, असं त्याचं सरकारी काम. पण लढाई थंडावली, तोफा मुक्या झाल्या, फुगा नुसताच वाळूत डुलत उभा. साहेबानं छावणीतले सगळे दोर एकाला एक बांधले आणि पितळेचा एक मोठा कर्णा बनवून घेतला. मग आपल्या माणसांना रांगेत उभं केलं. रांग वाकडीच होती.

"तो म्हने," पुंजाजी सांगत होता, "साऱ्या फौजेतून तुमीच माह्या कामाचे. बाकीच्याईले हुकूम समजते, त्याईले हे काम समजनार नाई. वर जायचं, कर्न्याले कान लावायचा आन् चंद्र काय बोलून राह्यला ते आयकून यायचं. आमाले तोवर कोनीच कामाचे म्हनलं नव्हतं, रामरावजी. जगदेव हसला नाई त्या दिवशी."

पहाट सरून उजाडत होतं. इकडं सूर्य वर येत होता आणि तिकडं पुनवेचा चंद्र अजून मावळला नव्हता. पांढराफटक, पातळ, ओल्या कापडावर उमटलेल्या डागासारखा. पुंजाजी सगळ्यांत हलका, म्हणून टोपल्यात त्याला चढवलं. दोर धरायला लखमा आणि जगदेव. फुगा झाडाएवढा वर गेला. साहेब खालून बोट दाखवून सांगत होता, थोडा थोडा दोर सोडा, हळूहळू.

आणि तिथं घोटाळा झाला.

पुंजाजीनं बूट खालीच काढून ठेवले होते. टोपल्याचा तळ पायाखाली जरा दबला, चारी बाजूंनी काठ छातीपर्यंत, वरून दोर. असा माणूस उभा केला की पायांना आपोआप आठवतं. जिनात अगदी असाच बोरा, म्हणजे कापूस भरायचं मोठं पोतं, टांगतात. आत उतरून गडी रुई तुडवतो, बाहेरचे दोघे दोर धरून उभे असतात. आतला त्यांना दिसत नाही. बोरा भरला की तो दोन्ही पायांनी धडाधडा ठोके देतो, की बाहेरच्यांनी दोर सोडायचा. पुंजाजीचे पाय चालायला लागले. पहिल्यांदा हळू, मग त्याला इतका आनंद झाला की त्यानं दोन्ही पायांनी ठोके दिले.

"आन् त्याईनं दोर सोडला!"

हे पुंजाजी म्हणाला नाही. हे रामराव म्हणाले. ते गुडघ्यांवर उठून बसले होते.

"सोडला," पुंजाजी म्हणाला.

"सोडनारच! ठोका पडला का हात आपोआप सुटते. मी पोरगा होतो तव्हा दोरावर होतो जिनात. झोपेत ठोका आयकला तरी मूठ उघडे माही. पन बावा, जिनात बोरा खाली येते..."

"आन् हा वर गेला," पुंजाजी म्हणाला.

रामराव हसले नाहीत. त्यांनी आपल्या तळहाताकडं पाहिलं, जसा काही दोर नुकताच त्यातून सरकत गेला होता.

पुंजाजी वर गेला. आधी छावणी लहान झाली, मग नदी सुतळीएवढी झाली, मग धुक्यासारखं काहीतरी अंगाला लागलं, ओलं. आणि एकदम सगळं मोकळं. खाली पाहिलं तर जमीन नव्हती. खाली वेचणीला आलेली कपाशी होती, बोंडं फुटलेली, जिथवर नजर जाईल तिथवर पांढरी. पऱ्हाटीची एकही काडी नाही, नुसता कापूस. सकाळचं ऊन त्यावर तिरपं पडलेलं. पुंजाजीला वाटलं, एवढं पीक आणि वेचायला कोणी नाही. त्याला रडू आलं.

समोर चंद्र होता. खालून दिसतो तेवढाच, पण जवळ. म्हणजे मध्ये काहीच नव्हतं, म्हणून जवळ. त्यानं हात लांबवला. मग त्याला कामाची आठवण झाली. त्यानं कर्णा उचलला, त्याचं तोंड चंद्राकडं केलं आणि बारक्या टोकाला कान लावला.

"काई नव्हतं पयले," तो म्हणाला. "इतकं काई नव्हतं का मले भेव वाटलं. वारा बी नाई, कारन आमी वाऱ्यासंगच चाल्लो होतो. आन् मंग आलं. धप्. धप्. कोनीतरी कापूस तुडवून राह्यलं होतं तिथं. उतावीळ नाई, हळूहळू. एकटाच असंल. त्याचा दोर धराले कोनी असंल का नाई, कोन जाने. मी बी इकडून ठोके देल्ले, म्हनलं त्याले समजू दे, इकडं बी एक हाय."

विजयमालेनं छातीवर हात ठेवला होता, उगीचच, आणि तसाच राहू दिला.

पुढचं थोडंच. उन्हं तापायच्या आधी फुगा सुस्तावला, कापसातून खाली बुडाला आणि खजुरीच्या बनात अडकला. लखमा आणि जगदेव दिवसभर वाळू तुडवत त्याला शोधत आले. 'परत फिरा' असा हुकूम होता, पण तो लखमाला पटला नव्हता. साहेबानं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिला. पुढं मोठ्या साहेबांनी त्याला दुसरीकडं धाडलं, तुकडी मोडली आणि सगळ्यांना बजावलं, असं काही झालंच नाही.

"बस," पुंजाजी म्हणाला. "ठेवली-गिवली काई नाई. पन वर कोनी नाई असं मले म्हनवत नाई. त्यानं माहे ठोके आयकले असतीन तं?"

मनकर्णाबाई दारात डोळ्याला पदर लावून उभी होती. रडत होती की पोरीचं लग्न मोडल्याचा राग आवरत होती, हे तिचं तिला माहीत.

रामराव बहिणीकडं वळले. "चतुरे, हा मानूस खोटं नाई बोलत. खोटं बोलनाऱ्यानं दोर तुटला म्हनलं असतं. दोर सोडला, असं जिनातलाच मानूस म्हनंल." आणि अडकित्ता उचलला. पोरगी पुढच्याच लग्नसराईत रिसोडला नांदायला गेली, ती आजही तिथं सुखात आहे. तिच्या घागरीला आता घरी यायला उशीर होत नाही.

पण ते नंतरचं. सुपारी अडकित्त्यात धरलेली असतानाच, शेवटचा शब्द दुसऱ्याला द्यायची सवय नसलेली चतुराबाई म्हणाली, "एवढं वर गेले, चंद्र हाताशी आला, सोबत कराले कोनीतरी बी होतं. घोर ना काई. मंग इवाई, खाली आले काहून?"

पुंजाजी म्हणाला, "लढाईवर निघालो तव्हा मनकर्णाबाईचं नि माहं भांडन अर्धंच राह्यलं होतं, बाई. ते पुरं कराले आलो. अजून सुरू हाय."